पावसाळ्याआधी स्नोबोर्डला वॅक्स: दापोलीच्या ताईंना उत्तर

ताईंचा प्रश्न असा: गुलमर्गहून वापरलेला स्नोबोर्ड (दोन्ही पाय अडकवून बर्फावरून घसरत जायची फळी) विकत आणलाय, पुढच्या हिवाळ्यापर्यंत दापोलीच्या घरी ठेवायचा आहे. आता मेणबत्ती घासून ठेवला आणि निघताना नीट वॅक्स केलं तर चालेल का?

ताई, नीट वॅक्स आत्ताच करा, मे संपायच्या आत. आपला बोर्ड बर्फावर असतो जेमतेम आठवडा-दोन आठवडे, बाकी सगळं वर्ष खाऱ्या हवेत. त्याच्या कडेची एज पोलादी असते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात खिडकीच्या कड्यासुद्धा गंजतात. वरवरचा गंज घासून निघतो. खोल गेला की धार जाते, आणि एज व बेसच्या (बर्फाला टेकणाऱ्या खालच्या बाजूच्या) सांध्यातून दमट हवा आत शिरते.

आधी बाइंडिंग, म्हणजे बूट अडकवायचे पट्टे, काढा. स्क्रू तसेच ठेवून इस्त्री फिरवली तर त्या जागी बेसला खळगे पडू शकतात. बोर्ड ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली पूर्ण वाळवा. मग उजेडात तिरका धरून बेसवरून हात फिरवा. जुना बोर्ड आहे म्हणून हे मुद्दाम सांगतेय: एखाद्या ओरखड्यात आतलं लाकूड किंवा फायबर दिसत असेल तर ती जागा दुरुस्त करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. लाकडाने पाणी धरलं की ते फुगतं, थर सुटतात, मग वॅक्सचा काही उपयोग नाही. एजवर तांबूस दिसलं तर गमी स्टोन (गंज घासायचा रबरासारखा खरखरीत ठोकळा) हलक्या हाताने फिरवा.

आता इस्त्री. वॅक्सची वेगळी मिळते, तिचं तापमान स्थिर राहतं. घरातली जुनी वापरायची तर पाणी न भरता, आणि त्यानंतर तिला कपडे दाखवू नका. कमी आचेपासून सुरू करा; वॅक्स वितळायला हवं, पण धूर निघाला तर इस्त्री जास्त तापलीय. वॅक्स इस्त्रीला टेकवून बेसवर थेंब पाडत जा, मग नाकापासून शेपटीपर्यंत, म्हणजे बोर्डच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, इस्त्री सावकाश फिरवा. एका जागी क्षणभरही थांबायचं नाही, बेस जळतो. बोर्डची वरची बाजू हाताला कोमट लागली की पुरे. थर जाड ठेवा, दोन्ही एजवर ओघळू द्या आणि खरवडू नका. पावसाळाभर तेच त्याचं पांघरूण.

मेणबत्तीत पॅराफिन असतं हे खरं, पण बर्फाच्या तापमानाप्रमाणे तिचा कडकपणा ठरवलेला नसतो, शिवाय रंग आणि वास मिसळलेले असतात. अगदीच नड असेल तर एजवर चालेल, बेसवर नको. सर्फबोर्डचं वॅक्स तर मुळीच नको. ते पाय घसरू नयेत म्हणून चिकट केलेलं असतं.

पॅडवाल्या बॅगेत बंद करू नका, आत ओल कोंडते. जुन्या सुती चादरीत गुंडाळून आतल्या खोलीत, भिंतीला न टेकवता, आडवा ठेवा. पत्र्याखालच्या माळ्यावर नको, तिथल्या उन्हाने वॅक्स मऊ पडतं. बुटांची आतली अस्तरं काढून वेगळी ठेवा, नाहीतर श्रावणापर्यंत बुरशी. गणपतीत घर आवरताना चादर उघडून एकदा एज बघा. तपकिरी रेघ दिसली तर तेवढी जागा घासून पुन्हा वॅक्स.

निघायच्या आठवड्यात प्लास्टिकच्या स्क्रेपरने नाकाकडून शेपटीकडे सगळं खरवडा, एजवरचंही. मग थंडीचं कडक वॅक्स लावा, ते गार झाल्यावर तेही खरवडून नायलॉनचा ब्रश मारा. जानेवारी-फेब्रुवारीत गुलमर्गचा बर्फ कोरडा, त्याचे कण टोकदार असतात आणि मऊ वॅक्समध्ये रुततात, म्हणून कडक. मार्चमध्ये जाणार असाल तर ओलसर बर्फासाठी मऊ घ्या. तिथे पोहोचल्यावर एजलगत बेस पांढरट, कोरडा दिसायला लागला की त्याच संध्याकाळी पुन्हा वॅक्स करून घ्या. भाड्याने सामान देणाऱ्या दुकानांत विचारून बघा.