मुलगा शिडाच्या होडीने गोव्याला निघालाय, फोन लागला नाही तर?

प्रश्न : माझा मुलगा डिसेंबरात तिघा मित्रांबरोबर शिडाच्या होडीने मुंबईहून गोव्याला जाणार आहे. समुद्रात मोबाइलला रेंज नसते म्हणे. दुबईचे माझे दीर थुरायाचा सॅटेलाइट फोन आणून देतो म्हणतात. घ्यावा का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, आधी दिरांना थांबवा. थुराया, इरिडियमचे फोन परवानगीशिवाय भारतात आणणं आणि वापरणं बेकायदा आहे. विमानतळावरच अडकतील बिचारे. उपग्रहावरून मेसेज पाठवणाऱ्या खिशातल्या यंत्रांपायीसुद्धा परदेशी पर्यटकांवर इथे पोलीस ठाण्याची पायरी चढायची वेळ आली आहे.

मोबाइल किनाऱ्यालगत बऱ्याच ठिकाणी लागतो, होडी खोल पाण्यात गेली की संपलं. खरा आधार व्हीएचएफचा, म्हणजे होड्या-जहाजांवरच्या बोलायच्या रेडिओचा. त्याची लहर सरळ रेषेत जाते, म्हणून सगळा खेळ अँटेनाच्या उंचीचा. हातातला सेट पाचेक सागरी मैल पोचेल. डोलकाठीच्या टोकावर अँटेना असलेला २५ वॉटचा सेट वीसेक मैल. चॅनल १६ वर, म्हणजे संकटात हाक द्यायच्या ठरलेल्या चॅनलवर, हाक दिली की तटरक्षक दलाबरोबर जवळून जाणारं मालवाहू जहाजही ऐकतं, आणि कित्येकदा तेच आधी पोचतं. मुलाला विचारा, अँटेना कुठे बसवली आहे? ‘असेल कुठेतरी’ असं उत्तर आलं, तर मात्र मलाही काळजी वाटेल.

होडीवर ईपर्ब हवाच. हा ४०६ मेगाहर्ट्झवरचा आणीबाणीचा बीकन उपग्रहामार्फत होडीची जागा कळवतो. २०१८ मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरलेले नौदलाचे दर्यावर्दी अभिलाष टॉमी यांच्या होडीची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरात मोडली, त्यांची पाठ जायबंदी झाली. तिथे कुठला चॅनल १६? बीकनमुळे जागा कळली आणि तिसऱ्या दिवशी फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं.

आता तुमचं काम. निघण्याआधी होडीच्या कप्तानाकडून एक कागद लिहून घ्या : होडीचं नाव, रंग, शिडावरचा नंबर, एमएमएसआय (होडीच्या रेडिओचा नऊ आकडी ओळख क्रमांक), माणसं किती, रात्रीचे मुक्काम कुठे (जयगड, विजयदुर्ग, मालवण, जे असेल ते) आणि फोन कधी करणार. वेळ नांगर टाकल्यानंतरची ठेवा. भर वाऱ्यात शीड आवरताना कुणी फोन काढत नाही. एक फोन चुकला तर काही करायचं नाही. किती फोन चुकल्यावर आधी कुणाला विचारायचं आणि किती वाजता तटरक्षक दलाच्या १५५४ ला कळवायचं, हे कप्तानानेच त्यावर लिहावं. रात्री दोन वाजता हा निर्णय तुमच्यावर नको. बेत बदलला, वाऱ्याने एखाद्या खाडीत दोन दिवस अडकवलं, तर तसं कळवायची जबाबदारी त्यांची.

ईपर्बच्या नोंदणीत किनाऱ्यावरच्या माणसाचा नंबर द्यावा लागतो. तो तुमचा असेल, तर त्या दिवसांत ०२२ वरून आलेला अनोळखी फोन ‘कर्जवाले असतील’ म्हणून कापू नका. बीकन वाजल्यावर खरंखोटं करायला तटरक्षक दलाचं मुंबईतलं शोध केंद्र आधी त्याच नंबरला विचारतं.