'नोट्स ऑफ लेदर' म्हणजे नेमकं काय हो?

या वेळी सिगारवरची पत्रं साठलेत, म्हणून अख्खं सदर त्यालाच दिलंय. आधी एकच सांगतो, "कुठला ब्रँड घेऊ" विचारणाऱ्या सगळ्यांना सॉरी. २००३ च्या कायद्याने आपल्याकडे तंबाखूची जाहिरात करता येत नाही, आणि शिफारस कुठे संपते नि जाहिरात कुठे सुरू होते हा वाद मला घालायचा नाहीये. चव कशी घ्यायची नि वहीत काय लिहायचं, त्यावर हवं तेवढं बोलू.

प्रश्न : मी अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डला इन्शुरन्समधल्या एका प्रोजेक्टवर आहे. आम्ही चार-पाच मराठी पोरं महिन्यातून एकदा एकाच्या डेकवर बसून सिगार ओढतो आणि मी फोनमध्ये रिव्ह्यू लिहितो, छंद म्हणून. पण खरं सांगू का, मोठे लोक लेदर, सीडर, व्हाइट पेपर, बार्नयार्ड असं काय काय लिहितात आणि मला फक्त धूर लागतो. शेवटी मी त्यांचंच थोडं बदलून लिहितो. माझी जीभ खराब आहे का?

उत्तर : जीभ ठीक आहे हो, शब्द उसने आहेत एवढंच. लेदर म्हणजे तुमच्या डोळ्यासमोर काय येतं? सोफा? नवी कोल्हापुरी पायात सरकवायच्या आधी नाकाजवळ धरून बघा, तो वास म्हणजे लेदर. सीडर म्हणजे शार्पनरमधून पडणारा पेन्सिलीचा भुसा. अर्दी म्हणतात तो वास भुईमुगाचा वेल उपटल्यावर ओल्या शेंगांना येतो तसला, आणि बार्नयार्ड म्हणजे सरळ गोठा, तोही स्तुती म्हणून! आपल्याकडे कुणाला "तुझ्या सिगारला गोठ्याचा वास येतोय" म्हटलं तर पुढच्या वेळी बोलावणार नाही.

माझं आजोळ निपाणीकडचं. तिकडचा तंबाखू विडीचा, सिगारचा त्याच्याशी संबंध नाही, पण लहानपणी वखारीच्या दारात उभं राहिलं की पोत्यांचा जो उग्र, नाकात झोंबणारा, वर थोडा गुळचट वास यायचा तो डोक्यात पक्का बसलाय. पुढे कितीतरी वर्षांनी एका निकाराग्वाच्या सिगारमध्ये दुसऱ्याच झुरक्याला तो भेटला. मी वहीत लिहिलं, "वखार, दुपारची." त्या दोन शब्दांवरून ती सिगार मला आज पण आठवते, आणि त्याच महिन्यात कुणाचं तरी वाचून लिहिलेलं "लेदर विथ अ हिंट ऑफ कोको" कुठल्या सिगारचं होतं ते काही केल्या आठवत नाही.

आता ओढण्याचं. तुम्ही बहुतेक घाईत ओढताय. मिनिटाला एक झुरका, त्याहून जास्त नको, नाहीतर जळतं टोक तापतं आणि सगळं कडू नि करपट लागतं, मग कुठली आलीय चव. धूर छातीत घ्यायचाच नाही, तोंडात फिरवायचा आणि त्यातला अगदी थोडा, पाव भाग म्हणा, नाकावाटे सोडायचा. याला रेट्रोहेल म्हणतात. पहिल्यांदा डोळ्यात पाणी येईल, पण मिरी, दालचिनी, भाजल्याचा वास जे काय असतं ते तिथेच कळतं. सर्दी झाली की घरची आमटी पांचट लागते ना, तेच कारण, चव म्हणतो त्यातलं निम्मंअधिक काम नाकाचं असतं. आणि पेटवायच्या आधी टोक कापून एक कोरा झुरका घ्या, कोल्ड ड्रॉ. तिथे गवत, मनुका, कधी चक्क गोठा लागतो, तो आधी लिहून टाका, पेटवल्यावर तो परत सापडत नाही.

माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो. "रोबस्टो, कनेक्टिकट रॅपर. कोरा झुरका : कडबा. पहिला भाग : टरफलासकट भाजलेले शेंगदाणे, साय. मधला भाग : काही नाही, बोअर. एका बाजूने जळत होडी झाली, दोनदा लायटर लावला. शेवट : कच्च्या भोपळ्याची साल, कडू. ५५ मिनिटं. कोणी दिली तर घेईन." (रॅपर म्हणजे सिगारवर गुंडाळलेलं सगळ्यात बाहेरचं पान. रोबस्टो म्हणजे साधारण ५ इंच लांब नि ५० रिंग, आणि रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणजे पाऊण इंचाहून जरा जाडच.)

आणि तुम्ही हार्टफर्डला राहून मला विचारताय! गाडी काढा आणि विमानतळाच्या अलीकडे विंडसरच्या बाजूला जा. बरीच जमीन आता गोदामांखाली गेलीय, तरी लांबलचक लाकडी शेड दिसतील, भिंतीच्या फळ्या वारा खेळावा म्हणून उघडता येतात अशा. तंबाखू वाळवायच्या शेड आहेत त्या. १९०० च्या आसपास तिथे कापडाच्या मांडवाखाली तंबाखू लावायला सुरुवात झाली, ऊन गाळून आलं की पान पातळ, फिकं, रेशमासारखं होतं, त्यालाच कनेक्टिकट शेड म्हणतात (ही शेड म्हणजे सावली, वाळवायची शेड नव्हे). त्याच खोऱ्यात उघड्या उन्हात वाढतो तो ब्रॉडलीफ, जाड नि तेलकट, काळ्या माडुरो सिगारचं रॅपर होतं त्याचं. एक कनेक्टिकट शेडची सिगार आणि एक माडुरो एकाच संध्याकाळी दोघांनी वाटून ओढा, जिभेचं निम्मं शिक्षण तिथेच होईल. (मार्टिन ल्यूथर किंग कॉलेजला जायच्या आधी १९४४ च्या उन्हाळ्यात इथल्याच सिम्सबरीत तंबाखूच्या शेतावर कामाला होते. त्या लाकडी शेड बघताना मला हटकून ते आठवतं.)

प्रश्न : १०० पैकी मार्क कसे द्यायचे? माझ्या सगळ्या सिगार ८८ ते ९२ मध्येच येतात. – एक वाचक, ठाणे

उत्तर : सगळ्यांच्याच येतात. १९९२ ला न्यूयॉर्कला सिगारचं एक चकचकीत मासिक सुरू झालं, त्यांनी वाइनसारखी शंभराची पट्टी लावली आणि मग जगाने ती उचलली. ६१ मार्कांची सिगार कधी वाचलीत का? म्हणजे नावाला शंभर, खेळ दहा मार्कांचा. मी तीनच शेरे ठेवलेत : पुन्हा घेईन, कोणी दिली तर घेईन, नको.

पण त्या मासिकाची एक गोष्ट उचलण्यासारखी आहे, ते सिगारवरची ब्रँडच्या नावाची कागदी पट्टी काढून मगच चाखायला देतात. तुम्ही पण करा. एकाने पट्ट्या काढायच्या, कागदाचे तुकडे गुंडाळून नंबर घालायचे, बाकीच्यांनी न बोलता लिहायचं. आमच्यात एक जण क्यूबनशिवाय बोलत नाही, त्याने पट्टी नसताना सगळ्यात स्वस्त डॉमिनिकनला "पुन्हा घेईन" दिलं आणि उरलेली संध्याकाळ तो गप्प होता. आणि एका सिगारवरून निकाल लावू नका, हाताने वळलेली वस्तू आहे, एखादी घट्ट वळली जाते आणि बर्फ अडकलेल्या स्ट्रॉमधून उसाचा रस ओढावा तसं होतं. वेगवेगळ्या दिवशी तीन ओढा, मग बोला.

प्रश्न : जुलैत डब्यात ठेवलेल्या सिगारवर पांढरं आलंय आणि दोनला टाचणीएवढी भोकं पडलीत. एक मित्र म्हणतो पांढरं येणं चांगलं असतं, मुरल्याची खूण. – एक वाचक, दादर

उत्तर : मित्राला ती सिगार द्या. गमतीचा भाग सोडा, मुरल्याची खूण म्हणून ज्याचं कौतुक होतं ती बहुतेक वेळा बुरशीच असते. वरच्या पानावर हलकी असेल तर कोरड्या कापडाने पुसून वेगळी ठेवा, पण पेटवायच्या टोकाला आत शिरली असेल किंवा हिरवी-निळी असेल तर फेकून द्या, जीव अडकवू नका.

भोकं म्हणजे तंबाखूचा किडा. अंडी पानातूनच येतात आणि उकाडा मिळाला की फुटतात. बाकीच्या सिगार झिपच्या पिशवीत दुहेरी बंद करून तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस खाली फ्रीजमध्ये, मग बाहेर, एकदम बाहेर काढल्या तर रॅपर तडकतं. मुंबईच्या पावसात ह्युमिडॉरवर (सिगार ठेवायच्या खास पेटीवर) पैसे घालवायची गरज नाही, रबरी कडेचा हवाबंद डबा घ्या आणि त्यात ६५ टक्के आर्द्रता राखणारं टू-वे पाकीट टाका, ते ओल सोडतं पण आणि शोषतं पण, म्हणून आपल्या हवेला तेच बरं. कायमचं फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका, सुकतात, आणि लसणाच्या चटणीचा वास घेऊन बसतात तो वेगळाच.

प्रश्न : सिगारचा धूर आत घेत नाहीत, म्हणजे सिगरेटपेक्षा सेफ ना? घरी हेच सांगतो. – एक वाचक, पुणे

उत्तर : घरी खोटं सांगताय. सिगारचा धूर अल्कली असतो, त्यातलं निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं, छातीत घ्यायची गरजच पडत नाही. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, सगळीकडचा कॅन्सर यात आहे, आणि काही मोठ्या सिगारमध्ये तर अख्ख्या सिगरेटच्या पाकिटाएवढा तंबाखू असतो. मी महिन्याला दोनवर थांबतो. त्याने धोका कमी होतो, जात नाही, हे मला माहितीय. पोरंबाळं आसपास असताना तर पेटवतच नाही.

आणि रिकाम्या पोटी कधीच नाही. माझी पहिली मोठी सिगार, सात इंची चर्चिल, मित्राच्या गॅलरीत, दुपारचं जेवण चुकवून, वर मर्द असल्यासारखी शेवटपर्यंत ओढायची असं ठरवून. अर्ध्यात दरदरून घाम, हात गार, मग पाऊण तास बाथरूमच्या फरशीवर पाठ टेकून बसलो आणि मित्राची आई दाराबाहेरून विचारत होती, "अरे, पोह्यांनी बाधलं का रे?" मित्राने चमचाभर साखर तोंडात घातली तेव्हा कुठे बरं वाटलं. त्या दिवसाची नोंद वहीत आहे : "साखर. उत्तम."

प्रश्न : आमचे आजोबा सिगारला चिरूट म्हणायचे. दोन्ही एकच का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : जवळजवळ. शब्द तमिळ 'शुरुट्टु'वरून आलाय, म्हणजे गुंडाळी, इंग्रजांनी त्याचं चेरूट केलं आणि आपण चिरूट. तिकडे तिरुचिरापल्ली आणि दिंडीगलचे चिरूट नावाजलेले. चिरूटची दोन्ही टोकं सपाट कापलेली असतात, सिगारच्या ओढायच्या टोकावर पानाची टोपी असते तशी नसते, त्यामुळे कटर लागत नाही. आजोबा नुसतं पेटवून मोकळे होत असणार.