शत्रूचे तिरंदाज बाण कोणावर सोडतील, हे डीएमने (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने) कसं ठरवावं?

तुमची अडचण अशी: डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिका-खेळात गॉब्लिनचे बाण दर वेळी विझार्डवर (जादूगारावर) गेले की तो खेळाडू हिरमुसतो, आणि मुद्दाम त्याला सोडलं की लढाई लुटुपुटूची वाटते. मग निशाणा फासा टाकून ठरवावा का?

फासा नका टाकू. त्या गॉब्लिनला काय दिसतंय ते बघा. विझार्ड कोण आणि त्याचे किती हिट पॉइंट (म्हणजे जीव) उरलेत हे तुम्हाला ठाऊक आहे, कड्यावर दबा धरून बसलेल्या गॉब्लिनला नाही. त्याला दिसतो तो ढाल घेऊन अंगावर धावून येणारा फायटर. पहिल्या फेरीचे बाण तिकडेच जातील. सांगाड्यांचं तर विचारूच नका, त्यांची बुद्धी 6. हुकूम नसेल तर जो जवळ दिसेल त्याच्यावर सोडतील.

आता आकडे. 2014 च्या नियमांत गॉब्लिनच्या धनुष्याला +4 आहे, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर पडेल त्यात 4 मिळवायचे. चेन मेल आणि ढाल मिळून फायटरचा एसी (बाण लागायला गाठावा लागणारा आकडा) 18, म्हणजे फाशावर 14 पडायला हवेत. विझार्डचा एसी मेज आर्मर या संरक्षक मंत्रासकट 15 धरला तर 11 पुरतात. पण तोच विझार्ड फायटरच्या आड गेला की अर्ध्या आडोशाचे +2 मिळतात आणि 13 लागतात. म्हणजे त्याला टिपणं जवळजवळ फायटरइतकंच अवघड होऊन बसतं. हे +2 द्यायला डीएम फार वेळा विसरतात, आणि मग पुढे उभं राहणाऱ्याच्या धाडसाला काही किंमतच उरत नाही. तसंच, फायटर तिरंदाजापासून पाच फुटांवर येऊन ठेपला की तिरंदाजाला डिसअॅडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा. बाण कोणावरही सोडू दे. शहाणा गॉब्लिन आधी तिथून निसटेल.

विझार्डवर बाण जावेतच, पण त्याने कारण दिल्यावर. माझ्या टेबलावर तिसऱ्या लेव्हलच्या विझार्डने वेब हा जाळ्याचा मंत्र टाकला आणि तीन गॉब्लिन जाळ्यात अडकले. त्यांच्या म्होरक्याच्या पाळीला मी बाण सोडलाच नाही. तो नुसता बोट दाखवून ओरडला, ‘‘तो काठीवाला! त्याला पाडा!’’ बाण लागला तर दर फटक्याला विझार्डला कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह (मंत्र टिकवण्यासाठीचा फासा), तो चुकला की वेब गेलं, हे टेबलावर सगळ्यांना माहीत होतं. गॉब्लिनच्या पाळीआधी खेळाडूंना एक फेरी मिळाली.

तेवढ्यात फायटरवाल्या मुलीने हातातली वेफर्सची पिशवी खाली ठेवली, पुढे वाकून आपली मिनी (पटावरची छोटी मूर्ती) दोन चौकोन मागे घेतली आणि विझार्डच्या बरोबर समोर उभी केली. पुढच्या फेरीत फाशावर 12 पडले, +4 धरून 16. 15 ला बाण लागला असता, 17 ला हुकला. विझार्डवाला खुर्चीतून उठूनच उभा राहिला.