क्लिप क्रमांक 47

प्रिय मुली,

मेलच्या सुरुवातीला ‘रिस्पेक्टेड मॅडम’ आणि शेवटी ‘काइंडली गिव्ह फीडबॅक’, मधलं सगळं मात्र झकास मराठीत. पुढच्या वेळी सरळ ताई म्हण. मी कोल्हापूरची, तू इचलकरंजीची; आपल्यात इंग्रजीचं काय काम?

तुझी फिल्म तीनदा पाहिली. एकदा चहा पीत, एकदा कागद-पेन घेऊन आणि एकदा आवाज पूर्ण बंद करून. आवाज बंद केल्यावर ती सगळ्यांत चांगली वाटली. यंत्रमागावरच्या फिल्मचं असं व्हावं, हे जरा विचार करण्यासारखं आहे. म्हणूनच तुझ्याकडून सगळं कच्चं फुटेज मागवून घेतलं. तू बिचकलीस, ते फोनवर कळलं मला. दुसऱ्यानं आपले रशेस बघणं म्हणजे पाहुण्यानं थेट माळ्यावर चढण्यासारखंच असतं.

112 क्लिप आहेत. त्यातली 47 नंबरची तू ‘एनजी’ (नो गुड, म्हणजे वाया गेलेल्या) नावाच्या फोल्डरात टाकली आहेस. 38 सेकंदांची. तुझे वडील, आप्पा, चार मागांच्या मधल्या गल्लीत उभे आहेत, एका मागाची कांडी, म्हणजे आडव्या सुताची नळी, संपलीय, ते धोटा (ती कांडी पोटात घेऊन मागावर इकडून तिकडं धावतो तो) काढून नवी भरतायत. तेवढ्यात लाईट जाते. माग दोन-तीन ठोके देऊन थांबतात. शेडमध्ये अंधार, वरच्या पत्र्याच्या फटीतून येणारा उजेड तेवढा. आणि त्या शांततेत आप्पा शेजारच्या मागावरच्या पोराला पूर्ण ताकदीनं ओरडून सांगतात, “पाणी आण की रं!” तो पोरगा चार हातांवर उभा आहे. कॅमेऱ्यामागून तुझा आवाज येतो, “आप्पा, हळू बोला की.” आप्पा तुझ्याकडं बघतात, ओशाळून हसतात, ओठ हलतात, आणि तू स्टॉप दाबतेस.

का टाकलीस ती? अंधार आहे म्हणून, कॅमेरा हलला म्हणून आणि तुझा आवाज आला म्हणून, असं तू लिहिलंस. तिन्ही कारणं परीक्षेच्या दृष्टीनं बरोबर आहेत. पण अगं, तुझी फिल्म तीच आहे. बाकीच्या अकरा मिनिटांत तू व्हॉइसओव्हरमधून जे सांगायची धडपड करतेस, ते सगळं या 38 सेकंदांत आप्पांनी न सांगता सांगितलंय.

आता सुरुवातीबद्दल. पहिली दोन मिनिटं ड्रोनमधून दिसणारं गाव आणि त्यावर तुझा आवाज: 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, तिथले जहागीरदार घोरपडे सरकार यांनी पाठबळ दिलं, गाव महाराष्ट्राचं मँचेस्टर झालं. माहिती खरी आहे, वाचलीसही चांगली. पण ती ऐकताना मला शाळेतला पंधरा ऑगस्ट आठवला. ही दोन मिनिटं काढ. हळहळ वाटेल, ड्रोनवाल्या मित्राचे उपकार आठवतील, तरी काढ. त्याला वडापाव दे आणि श्रेयनामावलीत नाव ठेव.

माहिती आत येऊ शकते, पण कुणाच्या तरी तोंडून किंवा हातातून. 31 नंबरच्या क्लिपमध्ये कांड्या भरणाऱ्या मावशी म्हणतात, “माझी सासू हातमागाच्या कांड्या भरायची, मी ह्याच्या भरते.” गावाचा सगळा इतिहास या एका वाक्यात बसलाय, आणि बोलताना त्यांची बोटं थांबलेली नाहीत. तू तिथं त्यांच्या हातांवरून उडी मारून बाहेरचा बोर्ड दाखवलास. नको. हात बघू दे आम्हाला.

आणि तो पियानो. बाई गं. आप्पा डबा उघडतात, पियानो. आई दिवा लावते, पियानो. मीही हे केलंय. माझ्या डिप्लोमा फिल्ममध्ये आजीच्या घरावर सलग सारंगी लावली होती. स्क्रीनिंग झाल्यावर एका वयस्कर सरांनी शांतपणे विचारलं, “त्या घरात सारंगी कोण वाजवतं?” मी काय उत्तर देणार? पुढची शिक्षा त्याहून मोठी. सारंगी काढल्यावर खाली काही शिल्लकच नव्हतं. संवाद घेतले होते, पण त्या घराचा नुसता आवाज, कुणी बोलत नसतानाचा, घेतलाच नव्हता. घर तोवर पाडून झालं होतं. शेवटी दुसऱ्याच कुणाच्या तरी माजघरातली शांतता आणून चिकटवली. आजही ती फिल्म बघताना मला परकं घर ऐकू येतं.

तुझी शेड अजून उभी आहे, तेव्हा पुन्हा जा. या वेळी कॅमेरा नेला नाहीस तरी चालेल, रेकॉर्डर मात्र ने. कॉलेजात मिळत नसेल तर भाड्यानं घे. तुझ्या फोननं काय केलंय बघ: मागांचा खडखडाट सुरू असताना त्यानं आवाजाची पातळी आपल्या आपण खाली ओढली आणि माग थांबल्यावर तीच पातळी वर चढवली. त्यामुळे 47 मध्ये शांतता होते तिथं हळूहळू एक सूंऽऽ असा फुसफुसाट वाढत जातो. मोठा आवाज आणि शांतता यांतला फरकच फोननं खाल्ला. रेकॉर्डरवर ऑटो बंद कर, पातळी हातानं लाव. सगळ्यात मोठा ठोका रेकॉर्डरच्या मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू दे. काटा शून्याला टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण रफू होत नाही.

चार जागी उभी राहा: मागाला लागून, शेडच्या दारात, बाहेर गल्लीत आणि तुमच्या घराच्या आतल्या खोलीत, जिथं तो ठोका भिंतीतून येतो. प्रत्येक जागी दोन मिनिटं, कुणीही बोलायचं नाही. मग बंद शेडचा आवाज वेगळा घे. बंद शेडसुद्धा बोलते: पत्रा तापतो, कुठंतरी नळ ठिबकतो, पारवे असतात. 47 मधल्या शांततेखाली हाच आवाज जाईल. एडिटिंगच्या टाइमलाइनवर नुसती रिकामी जागा सोडलीस तर प्रेक्षकाला शांतता ऐकू येत नाही, स्पीकर बिघडल्यासारखं वाटतं आणि हॉलमधली सगळी डोकी मागं ऑपरेटरकडं वळतात.

मिक्स करताना एक ध्यानात ठेव. तू फिल्मभर मागांचा आवाज व्हॉइसओव्हरखाली दाबून ठेवला आहेस, गाडीतल्या रेडिओसारखा. मग लाईट गेल्यावर काय थांबणार? सुरुवात काळ्या पडद्यावर फक्त ठोक्यांनी कर. प्रेक्षकाला थोडा त्रास होऊ दे. कान लवकर सरावतो. सरावला की त्याला तो आवाज ऐकू येईनासा होतो, तुमच्या गल्लीतल्या लोकांना येत नाही तसाच. मग 47. मागं गेलेली पाच मिनिटं तिथं एकदम कळतात.

पडद्यावरची तुझी पाटी, कारखान्यांच्या नियमांतली आठ तासांसाठीची 90 डेसिबलची मर्यादा सांगणारी, मला पटली नाही असं नाही. पण ती 47 च्या आधी ठेवलीस तर तू उत्तर आधी आणि गणित नंतर देतेस. शेवटी ठेव किंवा काढून टाक. मी काढली असती.

तांत्रिक गोष्टी भरभर सांगते. मागाच्या शॉटमध्ये ट्यूबलाइट फडफडतेय, कारण फोननं 30 फ्रेम आणि मनाला येईल तो शटर धरला. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होते. 25 फ्रेम आणि 1/50 सेकंद शटर ठेवलंस की फडफड जाते. ‘ब्लॅकमॅजिक कॅमेरा’ नावाचं मोफत ॲप आहे, त्यात हे सगळं हातानं लावता येतं. आईच्या मुलाखतीत शेवटाकडं ओठ आणि शब्द सुटत जातात, तेही फोनचंच काम: त्याची फ्रेमगती कमी-जास्त होते. एडिटिंगला घेण्याआधी ‘हँडब्रेक’ नावाच्या सॉफ्टवेअरमधून सगळ्या क्लिप एका स्थिर गतीवर आणून घे. नाहीतर शेवटच्या रात्री रडशील. आणि फुटेज एकाच हार्ड डिस्कवर आहे असं तू ओझरतं लिहिलंस. हे पत्र बाजूला ठेव, आधी दुसरी कॉपी कर, मग पुढं वाच.

डिझॉल्व्ह, म्हणजे एक दृश्य विरत दुसरं उमटतं ते, चौदा आहेत. मोजले मी. दोन कट जुळत नाहीत म्हणून त्यांच्यावर डिझॉल्व्ह टाकणं म्हणजे भाजीत मीठ जास्त झालं म्हणून साखर घालणं. एक ठेव, हवं तर.

आता जे फोनवर बोलायचं टाळलं ते. सातव्या मिनिटाला आप्पा मालकाकडून घेतलेल्या उचलीबद्दल बोलतात, आकड्यासकट. खरं बोललेत, आणि बोलले कारण समोर कॅमेऱ्यामागं त्यांची मुलगी होती. वर्गात दाखवेपर्यंत ठीक. पण उद्या तू ती यूट्यूबवर टाकशील, कुणीतरी मालकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवेल, आणि परवा पाळीवर जायचंय ते आप्पांना. परवानगीच्या कागदावर त्यांची सही आहे म्हणतेस. ती सही त्यांनी मुलीच्या असाइनमेंटसाठी केली. पूर्ण झालेली फिल्म त्यांना दाखव, तो भाग आला की थांबव आणि सरळ विचार, “आप्पा, हे गावानं बघितलं तर चालेल का?” ते ‘चालतंय की’ म्हणतील. लगेच मान्य करू नकोस, दोन दिवसांनी पुन्हा विचार. माझं मत विचारशील तर तो बाइट गेला तरी फिल्मचं काही बिघडत नाही. पण हा निर्णय माझा नाही, तुझाही पूर्ण नाही. शेडच्या मालकांनाही तू आत शूटिंग करू दिल्याबद्दल आभाराचे दोन शब्द देणं लागतेस. ते खलनायक असल्यासारखा त्यांचा लो अँगल घेतला आहेस, तो एकदा नीट बघ. त्यांच्या शेडलाही गळका पत्राच आहे.

नवीन कट किती लांब हवा, असं विचारलंस. कोर्सची मर्यादा दहा मिनिटं आहे. मला तुझ्या सामानात सात दिसतात. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, 1912 साली, कुंडीत वाटाणा लावला आणि तो वाढताना रोज थोडं थोडं चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ नावाची छोटी फिल्म केली, भांडवल देणाऱ्याला पटवण्यासाठी. इतकी वर्षं झाली तरी मला त्यातली हिंमत आवडते. पौराणिक भव्यता डोक्यात असताना माणूस वाटाण्यापुढं कॅमेरा लावून बसला. तू वस्त्रोद्योगाची घसरण डोक्यातून काढ आणि आप्पांपुढं बस.

मी अशी जोडून पाहीन: काळ्यावर ठोके, आप्पांचे हात, धोटा, कांडी, कामगारांच्या खुणांनी चाललेल्या गप्पा (57 आणि 60, सबटायटल अजिबात नको, कळतं सगळं), मावशी, घरी जेवताना आप्पांचं ओरडून बोलणं आणि आईचं ‘बहिरी नाही मी’, परत शेड, 47. त्यानंतर काय, ते मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही.

नवा कट झाला की तो अशा माणसाला दाखव ज्याला माग कशाशी खातात ते ठाऊक नाही. पडद्याकडं बघू नकोस, त्याच्याकडं बघ. तो कुठं हलतो, कुठं फोनकडं हात जातो, तिथली वेळ लिहून ठेव. ‘कशी वाटली’ विचारू नकोस, सगळे छानच म्हणतात. ‘काय झालं त्यात?’ असं विचार. मग चित्र लॉक कर, म्हणजे कट पुन्हा बदलायचा नाही, आणि त्यानंतर आवाजासाठी पूर्ण दोन दिवस ठेव. तुझ्या वेळापत्रकात आवाजासाठी ‘20 तारीख, सकाळी’ एवढंच आहे आणि 20 तारखेला दुपारी सबमिशन. कॉलेजच्या हॉलमध्ये जाऊन तिथल्या स्पीकरवर एकदा वाजवूनही बघ.

शेडमध्ये जाताना ओढणी घट्ट बांध, केस बांध. मागच्या वेळी ट्रायपॉड दोन मागांच्या मधे रोवला होतास, ते चूक आहे. धोटा उडाला तर तो काही तू विद्यार्थिनी आहेस म्हणून चुकवून जात नाही. आप्पा सांगतील तिथं उभी राहा.

आणि एक काम. 47 च्या अगदी शेवटी, तू स्टॉप दाबायच्या आधी, आप्पा तुला काहीतरी म्हणतात. हेडफोन लावून मी चारदा ऐकलं, पण शब्द लागत नाहीत. सगळ्या फुटेजमध्ये ते पहिल्यांदाच हळू बोललेत. त्यांना विचार काय म्हणाले ते, आणि मला कळव.

तुझी,
ताई