रशियाची ५००० रूबलची नोट खरी आहे हे यंत्राशिवाय कसं ओळखायचं?

नोट उजेडासमोर धरा आणि बारीक छिद्रांनी तयार झालेला ५००० हा आकडा शोधा. मग त्यावरून बोट फिरवा. खऱ्या नोटेवर तिथे कागद गुळगुळीत लागतो. सुईने टोचलेल्या नकली छिद्रांच्या कडा मात्र खरखरीत जाणवतात, म्हणून माझा सर्वांत जास्त भरवसा याच खुणेवर. त्याच उजेडात मोकळ्या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकातले पूर्व सायबेरियाचे गव्हर्नर मुराव्योव्ह-अमूर्स्की यांच्या चेहऱ्याचं जलचिन्हही (कागदातच उमटलेली आकृती) दिसायला हवं. मग नोट तिरकी करा: खबारोव्स्क शहराच्या राजचिन्हावरून चमकता पट्टा सरकतो. रंगीत झेरॉक्सला हे जमत नाही. ‘बिलेत बांका रस्सीई’ (रशियाच्या बँकेची नोट) ही रशियन अक्षरं बोटाला उंच लागतात, पण चांगल्या नकलेतही उठाव असू शकतो, तेव्हा एवढ्यावर विसंबू नका. या खुणा रशियाची मध्यवर्ती बँक स्वतःच जाहीर करते.

एक लक्षात ठेवा: सरकता पट्टा २०१० च्या सुधारित नोटांवर आहे. २००६ मध्ये आलेल्या पहिल्या नोटांवर तो नाही, म्हणून त्या खोट्या ठरत नाहीत. २०२३ ची येकातेरिनबुर्ग शहराची ५००० ची नोट तर वेगळ्याच रचनेची आहे.