शंभर टक्क्यांची शाळा की ८२ टक्क्यांची?

प्रश्न : मी भांडुपला राहते, चार घरी पोळ्या करते. मुलगा महापालिकेच्या शाळेत आठवीत आहे, ती शाळा आठवीपर्यंतच. नववीसाठी जवळ दोन शाळा आहेत. एकीचा दहावीचा निकाल १०० टक्के, दुसरीचा ८२. मुलगा गणितात कच्चा आहे. १०० वालीत घालू ना? – एक आई

उत्तर : ताई, लगेच नको. आधी दोन्ही शाळांत जाऊन विचारा : गेल्या वर्षी नववीत किती मुलं होती आणि त्यातली किती यंदा शाळेतूनच दहावीला बसली?

मी तीस वर्षं गणित शिकवलं, म्हणून सांगते. आमच्या शाळेत नववीच्या निकालाला कच्च्या मुलांचे पालक वेगळे बोलावले जायचे. एक बाबा रात्रपाळी करून तसेच आले होते, वॉचमनच्या कपड्यांत. ‘दाखला घ्या, १७ नंबरचा फॉर्म भरा,’ म्हणजे मुलाला दहावीला बाहेरून बसवा, असं मीच त्यांना सांगितलं. त्यांनी कुठे सही करायची एवढंच विचारलं. त्या मुलाच्या नावावर कॅटलॉगमध्ये लाल रेघ मीच मारली. बाहेरून बसलेल्या मुलाचा निकाल शाळेच्या निकालात धरत नाहीत. पुढच्या जूनमध्ये फाटकावर ‘१००%’चा फलक लागला. ती रेघ मला आजही दिसते.

शिवाय नुसती टक्केवारी फार हलती असते. २०१८ ला राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. भाषा आणि समाजशास्त्राचे शाळेच्या हातातले २० गुण काढले, तर २०१९ ला तो ७७.१० वर आला. ते परत दिले आणि २०२० ला ९५.३० झाला. मुलं तीच मुंबईची, महाराष्ट्राची. एका वर्षात हुशार किंवा ढ झाली नव्हती.

८२ वाली चांगलीच असेल, असंही नाही. तिथे गणिताला कायम शिक्षक आहे का, की तासिकेवरचा दर वर्षी बदलतो, हे बघा. पण नववीत ६० आणि दहावीला ५८ मुलं असतील, तर ती शाळा कच्च्या मुलांना धरून चालते. माझं मत तिच्या बाजूने.

एक करा. आज मुलाला अर्धा अधिक एक तृतीयांश करायला सांगा. दोन पंचमांश म्हणाला, तर रागावू नका, तो कागद जपून ठेवा. दोन्ही शाळांतल्या गणिताच्या शिक्षकांना तो दाखवा आणि विचारा, ‘याला तुम्ही कुठून सुरू कराल?’ जे ‘क्लास लावा’ म्हणतील, तिथून निघा. जे पेन काढून तिथल्या तिथे मुलाला जवळ बसवतील, त्यांच्याकडे प्रवेश घ्या.