होफच्या चर्चला पहिल्यांदा जाताय ना?

मग घाई करू नका, एवढंच आधी सांगते. आइसलँडच्या दक्षिणेला, स्काफ्ताफेल्लहून योकुल्सारलोनच्या हिमसरोवराकडे जाताना होफ हे छोटंसं गाव लागतं. बहुतेक जण तिथे दोन फोटो काढून पुढे पळतात, आणि मला खरंच वाईट वाटतं.

हे चर्च १८८४ चं. जुन्या पद्धतीने बांधलेलं हे तिथलं शेवटचं गवती चर्च. भिंती दगडाच्या, छपरावर दगडी फरश्या आणि त्यांवर मुळांसकट कापलेलं गवत. चांगलं लाकूड तिथे दुर्मीळ होतं, शिवाय गवत-मातीचा जाड थर थंडी अडवतो. भिंतीजवळ वाका, दगडांच्या फटींतून उगवलेली गवताची पाती दिसतील. हात मात्र लावू नका, छपरावर चढणं तर दूरच.

आवारात गवताखाली लहान-लहान उंचवटे दिसतील. त्या कबरी आहेत. मला पहिल्या वेळी कळलंच नव्हतं, पाय पडणार तोच लक्षात आलं. त्यांच्या मधून, जपून चाला आणि आवाज हळू ठेवा. चर्चमध्ये आजही प्रार्थना होते, गावकऱ्यांचे आप्त तिथेच विसावलेत. एखादा विधी चालू असेल तर बाहेर थांबा, कॅमेरा पिशवीत ठेवा. दार बंद असेल तर ओढाताण करू नका, बाहेरूनही पुष्कळ पाहता येतं.

आणि गाडीचं दार उघडताना दोन्ही हातांनी घट्ट धरा. त्या भागातला वारा दार बिजागरीतून उखडू शकतो.